सातवी पायरी

मेहुणा : तोही पाइप नको, दाजी. ठेवा खाली.

पेंटर : आता याला काय झालं?

मेहुणा : वाकलाय.

पेंटर : कुठं वाकलाय? काठीसारखा सरळ आहे.

मेहुणा : फरशीवर ठेवा आणि लोळवा. हं. बघा, कसा लंगडत चाललाय.

पेंटर : केसाएवढा वाक आहे.

मेहुणा : वर बारा फुटांवर माणूस उभा राहिला की केस वाढतो.

पेंटर : अर्धा तास झाला मी पाइप उचलतोय आणि तू मान हलवतोयस. तुझ्या वडिलांनी मला मुलगी दिली तेव्हा एवढी तपासणी केली नव्हती.

मेहुणा : केली होती. तुम्हाला कळली नाही.

लेक : मामा, बाबा, मला दोनला कामावर परत जायचंय. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. काय घ्यायचं ते घ्या ना पटकन.

पेंटर : मी घ्यायला तयार आहे. तुझा मामा विकायला तयार नाही. जगाला जुनी परांची विकतो, फक्त मला बघितलं की याच्या मालात खोट निघते.

मेहुणा : जगाला काय विकतो ते त्या भिंतीकडे लावलंय. तुम्ही सरळ या ढिगाकडे आलात. लाल पट्टा दिसत नाही? हा भंगारात जायचा माल आहे.

पेंटर : मग आधी का नाही बोललास?

मेहुणा : आल्या आल्या बोललो. तुम्ही म्हणालात, "मला शिकवू नकोस, चाळीस वर्षं रंगकाम करतोय."

लेक : म्हणाला होतात, बाबा.

पेंटर : तू कोणाच्या बाजूनं आहेस?

लेक : टेम्पोवाल्याच्या.

मेहुणा : ये गं, हे धर. आता ऐका, दाजी. चौकटी या चार. एकावर एक ठेवून दोन थर होतात. यांच्यावर रंग नाही, गंज आहे थोडा, पण तो वरवरचा आहे. नखानं खरवडला तर भुकटी पडते, पापुद्रा निघत नाही. जोड बघा, प्रत्येक जोडाभोवती बोट फिरवा. चीर असेल तर बोटाला लागते.

पेंटर : त्या पलीकडच्या चांगल्या आहेत की. चंदेरी. नव्यासारख्या दिसतायत.

मेहुणा : म्हणूनच त्या बाजूला ठेवल्यात. एक जण परवा टाकून गेला. जुना माल नवा रंग लावून आला की समजायचं, खाली काहीतरी झाकलंय.

पेंटर : म्हणजे रंग लावणारे सगळे चोर?

मेहुणा : मी तसं म्हणालो नाही.

पेंटर : तसंच म्हणालास. आयुष्यभर मी लोकांच्या भिंती झाकत आलोय, असंच ना?

मेहुणा : भिंतीवर कोणी चढत नाही, दाजी.

लेक : पुढचं दाखवा, मामा.

मेहुणा : हे तिरके गज. एकही गाळायचा नाही. लोक दोन लावतात, दोन तसेच ठेवतात, म्हणे मध्ये येतात. चाकं चार, प्रत्येकाला अडसर आहे. वर चढायच्या आधी चारही दाबायचे. माणूस वर असताना परांची ढकलायची नाही. हातभरसुद्धा नाही. खाली उतरायचं, सरकवायची, परत चढायचं.

पेंटर : असं केलं तर एका छताला महिना लागेल.

मेहुणा : लागू दे. कुठलं काम आहे?

पेंटर : वाचनालयाचा मोठा हॉल. छत अठरा फुटांवर आहे. सोमवारी सुरू करायचंय. कपाटं मधून हलवून दिलीत त्यांनी.

मेहुणा : सोमवारी.

पेंटर : हो, सोमवारी. का?

मेहुणा : काही नाही. सोमवारी माझं बंद असतं. काही कमी पडलं तर मंगळवारपर्यंत मिळणार नाही.

पेंटर : म्हणून तर आज आलोय. नाहीतर तुझ्या दारात मला काय काम होतं?

मेहुणा : ते खरं. वखार काढून बावीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा आलात माल घ्यायला. ताई असती तर तिनं तारीख लिहून ठेवली असती.

लेक : मामा.

मेहुणा : बरं. फळ्या. या तीन घ्या. टोकं चौकटीच्या बाहेर वीतभर आली पाहिजेत. कमी नको, निसटते. फार जास्तही नको, टोकावर पाय पडला की फळी उलटते. दोन्हीकडं बांधायची. आणि वर कठडा.

पेंटर : कठड्यावर मला बादली अडकवता येईल.

मेहुणा : बादली अडकवा, कमरेचं वजन टाकू नका. फळीवर तुमच्याबरोबर दुसरा माणूस चढणार आहे का?

पेंटर : नाही.

मेहुणा : मग खाली?

पेंटर : खाली काय?

मेहुणा : खाली कोण असणार? सामान वर द्यायला, अडसर बघायला, दार उघडून कोणी आत शिरलं तर थांबवायला.

पेंटर : मी एकटा करीन.

लेक : बाबा, तुम्ही तर दोघं सांगितलंय त्यांना.

मेहुणा : कोणाला?

लेक : वाचनालयाच्या बाईंना. त्या विचारत होत्या, किती माणसं येणार, चहा किती जणांचा सांगू. बाबा म्हणाले, "आम्ही दोघं." मी शेजारीच उभी होते.

पेंटर : तोंडातून गेलं. इतक्या वर्षांची सवय.

मेहुणा : मग नंतर सुधारलंत का?

पेंटर : काय सुधारणार? बाईंनी लिहून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, दोघं असाल तर बरं, एकट्या माणसाला आम्ही एवढ्या उंचीवर काम देत नाही. आता तिथं उभं राहून सांगू का, की दुसरी गेली आठ महिन्यांपूर्वी?

लेक : बाबा, बसा जरा.

पेंटर : मी बसायला आलेलो नाही. आठ महिने बसूनच आहे. पहिलं काम मिळालंय. माल बांध आणि टेम्पोत टाक.

मेहुणा : खाली माणूस नसेल तर मी माल देत नाही.

पेंटर : हा साला बोलतोय का दुकानदार?

मेहुणा : दुकानदार. साल्याचं तुम्ही कधी ऐकलं नाहीत.

पेंटर : दुसरीकडं जाईन मग. तीन दुकानं आहेत या रस्त्याला.

मेहुणा : जा. तिथं चंदेरी रंग भरपूर मिळेल.

लेक : झालं तुमचं? आई म्हणायचीच, तुम्ही दोघं एकत्र आलात की तिचं डोकं दुखतं. मला वाटायचं, उगाच म्हणते.

मेहुणा : तुझ्या बाबांना विचार, वर कसे चढणार आहेत. दोन चौकटींना पायऱ्या आहेत आतल्या बाजूनं.

पेंटर : मी माझ्या शिडीनं चढणार. आणलीय टेम्पोत. परांचीला टेकवून बांधीन.

मेहुणा : कुठली शिडी? ती?

पेंटर : ती. वस्तादांची. त्यांनी हातात दिली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो.

मेहुणा : ती अजून आहे?

पेंटर : असणारच. शिडी काय, माणसासारखी थोडीच.

मेहुणा : आणा इथं. बघू दे.

पेंटर : बघायचं काय त्यात? माझ्या शिडीला कोणी हात लावलेला मला चालत नाही.

लेक : मी आणते. टेम्पोवाल्याला सांगतेसुद्धा की इंजिन बंद कर.

पेंटर : तुला सांगून ठेवतो, या शिडीत तुला काही सापडणार नाही. प्रत्येक काम संपलं की उरलेल्या रंगाचा एक हात शिडीला. वस्तादांची पद्धत. गिऱ्हाइकानं शिडी बघावी आणि पेंटर ओळखावा.

मेहुणा : लाकडाच्या शिडीला रंग लावायचा नसतो, दाजी. तेल चालतं. रंगाखाली भेग दिसत नाही.

पेंटर : हे तू मला ऐकवतोस. तुझी बहीणही तेच ऐकवायची. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी म्हणाली, लाकूड दिसू द्या. मी म्हणालो, तू भाकरी कर, शिडी माझ्यावर सोड.

मेहुणा : मग?

पेंटर : मग काही नाही. दोन दिवस बोलली नाही. नंतर कामावर यायला लागली माझ्याबरोबर. शिडी धरायला. रोज. ताप असला तरी. आणि खालून तोंड चालू. हात धरा, पाय बघा, फार लांब वाकू नका. माझ्या डोक्याला ताप. इतर पेंटर हसायचे, बायको बरोबर घेऊन फिरतो म्हणून.

लेक : ही घ्या. जड आहे हो. नुसत्या रंगाचं वजन असेल निम्मं.

मेहुणा : आडवी ठेव. या दोन विटांवर. हं. चौदा पायऱ्या.

पेंटर : चौदा. मोज, सगळ्या जाग्यावर आहेत.

मेहुणा : मी वाजवतो, तुम्ही ऐका. पहिली.

पेंटर : हे काय आता?

मेहुणा : कसं वाजलं?

पेंटर : लाकडासारखं वाजलं. काय सतार वाजणार आहे?

मेहुणा : दुसरी. तिसरी. ताईला यायचं हे. दर सोमवारी संध्याकाळी यायची ती इथं, तुम्ही कामावरून येऊन घरी झोपलेले असायचात तेव्हा. मला विचारलं होतं तिनं, रंग लावलेल्या लाकडात भेग आहे का ते कसं कळतं. मी म्हणालो, कान लाव. चांगलं लाकूड टणक बोलतं, फुटलेलं दबून बोलतं. माझ्याकडच्या भंगारावर शिकली. बोलत बोलत वाजवायची. चौथी.

लेक : ती घरीही वाजवायची. सकाळी, तुम्ही चहा पीत असताना. लाटण्यानं.

पेंटर : ते ती धूळ झटकायची.

लेक : लाटण्यानं धूळ कोण झटकतं, बाबा?

मेहुणा : पाचवी. सहावी. दाजी, एक विचारू? या सगळ्या पायऱ्या मध्ये झिजल्यात. बोट फिरवून बघा, खोलगट आहेत. पायानं झिजल्यात, त्यावर रंग, परत झिजल्यात. ही सातवी मात्र गोल आहे. कोरी. थर साचून खोलगा भरलाय, कित्येक वर्षांत हिच्यावर पाय पडलेला नाही.

पेंटर : नाही पडत. सातवीवर मी पाय देत नाही.

मेहुणा : का?

पेंटर : गुडघ्यासाठी. तिथं लांब टांग टाकायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं.

लेक : कुठल्या डॉक्टरांनी?

पेंटर : तुझ्या आईनं विचारलं होतं त्यांना. चढताना मध्ये एकदा मोठी टांग टाकली की गुडघा मोकळा राहतो. सहावीवरून आठवीवर. उतरतानाही तसंच. सुरुवातीला ती खालून मोजायची, पाच, सहा, आठ. नंतर पायालाच सवय लागली.

लेक : बाबा, तुम्ही गुडघ्यासाठी कधी डॉक्टरकडे गेलाच नाहीत. मी किती मागं लागले होते.

पेंटर : मी नाही गेलो. ती गेली असेल.

लेक : तुमचा गुडघा घेऊन?

मेहुणा : थांबा. सातवी वाजवतो.

पेंटर : वाजव.

मेहुणा : ऐकलं?

पेंटर : बाकीच्यांसारखीच वाजली.

मेहुणा : परत ऐका. सहावी. आता सातवी. सहावी. सातवी.

पेंटर : दबून बोलतेय का ही?

मेहुणा : तुमच्याजवळ पट्टी आहे का? लांबी-पुट्टी भरायची?

पेंटर : माझ्या खिशात कायम असते. इकडं कर. तू नको. मी खरवडतो.

(पट्टीने रंग खरवडल्याचा आवाज, बराच वेळ.)

लेक : किती थर आहेत. हा पिवळा कुठला?

पेंटर : दवाखान्याचा. हा हिरवा शाळेच्या खिडक्यांचा. हा त्या वकिलाच्या फाटकाचा, तीनदा बदलायला लावला होता त्यानं.

लेक : हा निळा माझ्या पलंगाचा आहे.

पेंटर : हो. तो पलंगाचा.

मेहुणा : हळू. दांड्याजवळ खरवडा. जिथं पायरी दांड्यात शिरते तिथं.

पेंटर : दिसतंय मला.

मेहुणा : अंगठा लावून बघा.

पेंटर : दिसतंय म्हणालो ना. अर्ध्याहून जास्त गेलीय. आत काळी पडलीय. ही आजची नाही.

मेहुणा : नाही. पंधरा-वीस वर्षांची तरी असेल.

पेंटर : तुला माहीत होतं?

मेहुणा : तुमच्या लेकीची शपथ, नाही. माहीत असतं तर मी त्याच दिवशी येऊन पायरी बदलली असती. मला का नाही सांगितलं तिनं? इथं बसायची तासतासभर. ही पडलीय एवढी मोठी वखार, एक शब्द बोलली नाही.

लेक : तुम्ही येऊन भांडला असतात, मामा. आणि बाबा तुमच्याशी भांडले असते, आणि शिडी तीच राहिली असती.

मेहुणा : मी कशाला भांडलो असतो?

लेक : आज काय करताय मग तासाभरापासून?

पेंटर : मला सांगायचं ना. सरळ सांगायचं.

लेक : आईनं एकदा सुतार आणला होता घरी. मी सातवीत असेन. तुम्ही त्याला दारातून परत पाठवलंत. वस्तादांच्या शिडीला सुतार हात लावणार का, म्हणून. तो बिचारा जिना उतरेपर्यंत तुम्ही बोलत होतात.

पेंटर : तो यासाठी आला होता?

लेक : मला काय माहीत तेव्हा. आई हसली आणि त्याला चहा द्यायला खाली गेली, एवढं आठवतंय.

पेंटर : म्हणजे गुडघ्याचं सगळं तिनं रचलेलं. मी लोकांना सांगत सुटलो. दोन पेंटर माझं बघून तसंच चढायला लागले, त्यांच्या शिड्यांवर. सहावरून आठवर.

मेहुणा : त्यांचे गुडघे कसे आहेत?

पेंटर : चांगले आहेत म्हणे.

लेक : बाबा, हसताय का?

पेंटर : नाही. राग आलाय मला. ती दवाखान्यात होती तीन आठवडे. रोज शेजारी बसायचो. काय काय बोलली. गॅसचं कार्ड कुठं आहे, तुझी फी कधी भरायची, कुठल्या डब्यात काय. हे नाही बोलली. तिला काय वाटलं, ती गेल्यावर मी परत चढणार नाही?

लेक : बोलली होती.

पेंटर : कधी?

लेक : शेवटच्या आठवड्यात. मला म्हणाली, बाबांना सांग, मामाकडून परांची घ्या. शिडीचं नाव काढू नकोस, चिडतील. परांचीच सांग.

पेंटर : आणि तू सांगितलंस.

लेक : सांगितलं ना. मार्चपासून सांगतेय. आज आलात.

पेंटर : मला वाटलं, तुझंच खूळ आहे.

मेहुणा : दाजी, एक नियम आहे इथला. नापास शिडी आली की मी ती परत जाऊ देत नाही. कापतो. तशीच टाकली तर कोणीतरी उचलून नेतो आणि चढतो.

पेंटर : माहीत आहे.

मेहुणा : तुमची आहे, म्हणून विचारतोय.

पेंटर : विचारू नकोस. करवत दे.

लेक : मामा कापतील, बाबा.

पेंटर : वस्तादांनी माझ्या हातात दिली होती. कापायची ती मीच कापीन. दांडे कापतो, पायऱ्या आपोआप सुटतील. तू टेम्पोवाल्याला सांग, अजून थोडा वेळ लागेल. आणि तू कामावर जा, उशीर होईल तुला.

लेक : मी फोन केला. चारला येते म्हणाले.

पेंटर : कधी केलास?

लेक : तुम्ही खरवडत होतात तेव्हा.

मेहुणा : दाजी, खाली माणूस कोण, ते राहिलंच.

पेंटर : राहू दे. उद्या बाईंना सांगून टाकतो, एकटाच आहे म्हणून. काम गेलं तर गेलं.

मेहुणा : दोघं लिहिलंय ना त्यांनी?

पेंटर : लिहिलंय.

मेहुणा : चहाही दोघांचा सांगितलाय.

पेंटर : हो.

मेहुणा : मग लिहिलेलं कशाला खोडायला लावता? सोमवारी माझं बंद असतं. आणि मंगळवारी पोरं सांभाळतात दुकान.

पेंटर : तुझी कंबर दुखते. तुला उभं राहवत नाही.

मेहुणा : मी खुर्ची आणीन. पण बोलत राहणार, सांगून ठेवतो. हात धरा, पाय बघा. आमच्या घरचीच सवय आहे ती.

पेंटर : तुला वर बघून बोलायचंच असेल तर मोठ्यानं बोल. ती फार हळू बोलायची. निम्मं मला ऐकूच यायचं नाही.

लेक : या तीन फळ्या टेम्पोत टाकायला सांगू?

पेंटर : थांब. आधी विटांवर ठेव. तपासायच्या राहिल्यात.

मेहुणा : मी तपासल्यात, दाजी. कालच.

पेंटर : तू तपासल्या असशील. मला वाजवून दाखव. लाटणं नाही इथं, पट्टीच्या मुठीनं वाजव.

मेहुणा : ही पहिली. कशी वाजली?

पेंटर : परत. जरा हळू घे, मला अजून नीट ऐकू येत नाही.